कमाईचे तास आणि अभ्यासाचे तास

(तरुण संघ, शब्बाथशाळेचे शिक्षक व पालक यांच्यासाठी अभ्यासपाठ)

वाचन : प्रेषितांची कृत्ये १८:१-५, २ थेस्सलनीकाकरांस ३:७-९

कॉलेजात शिकता शिकता एखादी अर्ध्या वेळेची नोकरी धरावी की धरू नये, हा प्रश्न कॉलेजचे प्रवेश सुरू झाले की पुष्कळ घरांत निघतो. वडील म्हणतात, चार पैसे येतील, व्यवहार कळेल. आई म्हणते, पोर थकून जाईल. मुलगा काही बोलत नाही. तो मनातल्या मनात परीक्षेची फी, पुस्तके आणि बसभाडे यांची बेरीज करीत असतो. मंडळीतही दोन मते पडतात. कोणी म्हणतात, कष्टाने कोणी मरत नाही. कोणी म्हणतात, एकदा पैशाची गोडी लागली की पुस्तक सुटते.

दोन्ही बोलण्यांत तथ्य आहे, म्हणून हा वाद मिटत नाही. आमच्या मते येथे प्रश्नच थोडा निराळा विचारला पाहिजे. नोकरी करावी की नाही, यापेक्षा तिचे तास कोण ठरवणार, हे आधी पाहावे. ज्याला मुलाने शिकावे असे मनापासून वाटते त्याच्या हाती ते तास असतील, तर काम शिक्षणाला आधार देते. ज्याला मुलाच्या परीक्षेशी काही कर्तव्य नाही त्याच्या हाती ते गेले, तर तेच काम शिक्षणाला हळूहळू खाऊन टाकते. हा एक मुद्दा धरून आपण पुढील पाठ पाहू.

१. बिनपगारी नोकरी

आम्ही हा पाठ बेळगुंदीसारखी गावे डोळ्यांपुढे ठेवून लिहीत आहोत. बेळगुंदी हे बेळगाव शहराच्या पश्चिमेचे गाव. हा सारा पट्टा पावसाचा. भात आणि रताळी ही येथली ओळखीची पिके. या भागातली रताळी बेळगावच्या बाजारातून पार उत्तर हिंदुस्थानापर्यंत जातात आणि नवरात्राच्या उपवासांमुळे त्या दिवसांत त्यांना मागणी असते. म्हणजे कॉलेजचे पहिले सत्र ऐन भरात आले की इकडे रताळी काढायची घाई, आणि ती संपते न संपते तोच भाताची सुगी. चाचण्याही साधारण त्याच महिन्यांत येतात.

शेतकऱ्याचा मुलगा कॉलेजात नाव घालतो तेव्हा त्याच्यापाशी एक नोकरी आधीच असते. तिला पगार नाही, म्हणून तिला कोणी नोकरी म्हणत नाही इतकेच. सकाळी गोठा, धारा, डेअरीला दूध; सुट्टीच्या दिवशी शेत. मुलगी असेल तर भाकरी, पाणी, धुणे आणि धाकट्या भावंडांचे सारे. निपाणीकडे विड्या वळण्याचा धंदा बायकांच्या हाती पिढ्यान् पिढ्या आहे. तिकडे एखादी मुलगी कॉलेजातून आली की सुपात पाने घेऊन आईच्या शेजारी बसते. हे सारे काम मानाचेच आहे. पण ते हिशोबात धरले पाहिजे. ज्या घरात ते धरले जात नाही, तेथे पगाराची नोकरी ही दुसरी नसते, तिसरी असते. पहिली शेताची आणि घराची, दुसरी कॉलेजची, तिसरी दुकानाची. मग मूल नापास झाले की आपण त्याच्या बुद्धीला बोल लावतो.

२. घड्याळाचा काटा

अमेरिकेतील बुकर टी. वॉशिंग्टन यांचे नाव शब्बाथशाळेच्या जुन्या शिक्षकांना परिचित असेल. १८५६ च्या सुमारास गुलामीत जन्मलेला हा मुलगा मुक्तीनंतर मिठाच्या भट्टीवर कामाला लागला. शिकण्याची तळमळ फार. शेवटी सावत्र वडिलांनी परवानगी दिली ती अशी, की पहाटे उठून नऊपर्यंत भट्टीवर काम करावे, मग शाळेस जावे आणि शाळा सुटल्यावर आणखी दोन तास काम करावे. पण शाळाही नऊलाच भरे आणि ती काही अंतरावर होती. रोज उशीर होई आणि पहिला धडा बुडे. तेव्हा त्या पोराने भट्टीच्या कचेरीतले घड्याळ गाठले आणि रोज सकाळी साडेआठवरचा काटा नऊवर नेऊन ठेवू लागला. पुढे व्यवस्थापकाला संशय आला आणि त्याने घड्याळ पेटीत बंद करून टाकले. वॉशिंग्टन यांनी आपल्या आत्मचरित्रात ही गोष्ट स्वतः सांगितली आहे.

मुलांना ही गोष्ट सांगताना शिक्षकांनी खोटेपणाची बाजू झाकू नये. त्या घड्याळावर शंभरांहून अधिक कामगारांची वेळ चालत होती. पण तेवढ्यावर थांबूही नये. नऊचे काम आणि नऊची शाळा हे गणित त्या मुलाला कोणीही सोडवून दिले नव्हते. मोठ्या माणसांनी तास नीट बसवले नाहीत, की मूल काटा सरकवू लागते. आज आपल्याकडचा मुलगा घड्याळ सरकवीत नाही. तो पहिला तास बुडवतो, मित्राला हजेरी लावायला सांगतो, प्रयोगाची वही दुसऱ्याची उतरवून काढतो. गोष्ट तीच.

पुढे १८७२ साली वॉशिंग्टन शेकडो मैलांचा प्रवास करून हॅम्प्टनच्या शाळेत गेले. तेथे त्यांना राखणदार-झाडूवाल्याचे काम मिळाले. पहाटे चारला उठून शेगड्या पेटवायच्या, खोल्या झाडायच्या; आणि त्यातूनच अभ्यासाला वेळ काढायचा. काम भट्टीपेक्षा हलके होते असे नाही. मग फरक कोणता? हॅम्प्टनला काम देणारे आणि शिकवणारे एकच होते. मुलगा वर्गात पोहोचावा ही काम देणाराचीच इच्छा होती. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. त्या कामातून त्यांच्या जेवणाराहण्याचा खर्च भागत होता. शिकवणीची वर्षाची ७० डॉलर फी मात्र एका उदार गृहस्थाने भरली. म्हणजे स्वकष्टावर शिकण्याचे जे उदाहरण जगभर दिले जाते, त्यातही कोणाचा तरी हात पाठीशी होता.

त्यांनी स्वतः १८८१ मध्ये टस्कीगी येथे शाळा काढली. तेथे १८८४ मध्ये अगदी गरीब मुलांसाठी रात्रीचे वर्ग सुरू केले. दिवसा दहा तास काम, रात्री दोन तास अभ्यास. जेवणखर्च वजा जाता उरणारी मजुरी मुलाच्या हाती न देता त्याच्या नावे ठेवायची, आणि एक-दोन वर्षांनी तो दिवसाच्या वर्गात आला की त्यातून त्याचा खर्च चालवायचा. दहा तास काम करणाऱ्याने दोन तासच शिकावे आणि ही स्थिती कायमची राहू नये, हे त्या व्यवस्थेत आधीच ठरलेले होते.

३. आपल्याकडील उदाहरणे

आपल्या भागात तर यासाठी लांब जायला नको. कर्मवीर भाऊराव पाटील यांचा जन्म १८८७ साली कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज येथे झाला. १९१९ मध्ये कराड तालुक्यातील काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यास वसतिगृह काढले. सर्व जातींची मुले एकत्र राहत, एकत्र जेवत. स्वयंपाक, झाडलोट, शेतकाम सारे स्वतः करीत. १९२७ मध्ये महात्मा गांधींनी या वसतिगृहास भेट दिली. मुलांच्या पोटासाठी पैसा संपला तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी अंगावरचे दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रसुद्धा. १९४७ मध्ये साताऱ्यास छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले तेही ‘कमवा आणि शिका’ या तत्त्वावर. खडी फोडणारा, विहीर खणणारा विद्यार्थी पुढे प्राध्यापक झाला, अधिकारी झाला, असे कितीतरी घरांत सांगितले जाते. तेथेही तास वसतिगृहाच्या घंटेवर चालत, आणि ती घंटा अभ्यासासाठीही वाजत असे.

मुंबईत दुसरी तऱ्हा झाली. तेथे पुष्कळ तरुण आधीच नोकरीत होते, त्यांना वसतिगृहात आणणे शक्य नव्हते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ मध्ये सिद्धार्थ कॉलेज सुरू केले तेव्हा नोकरी करणाऱ्यांची सोय पाहून वर्ग सकाळी भरवले. येथे नोकरीचे तास बदलता येत नव्हते, म्हणून कॉलेजने आपले तास बदलले.

कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात पहिले कुलगुरू डॉ. आप्पासाहेब पवार यांच्या नावाचे विद्यार्थी भवन आहे. तेथे गरीब मुले विद्यापीठातच काम करून शिकतात. पुणे विद्यापीठात कर्मवीरांच्या नावाने अशीच योजना चालते आणि तीत कामाची मर्यादा दिवसाला तीन तासांची आहे. हा तीनाचा आकडा वाचकांनी लक्षात ठेवावा. पुढे तो पुन्हा येणार आहे.

४. पौलाचा धंदा

वाचनातील भाग आपणां सर्वांच्या परिचयाचा आहे. पौल करिंथास आला आणि तंबू करणाऱ्या अक्विल्ला व प्रिस्किल्ला यांच्या घरी राहून तोच धंदा करू लागला. कोणावर भार पडू नये म्हणून रात्रंदिवस कष्ट केल्याचे तो थेस्सलनीकेच्या मंडळीलाही लिहितो. हे आपण व्यासपीठावरून पुष्कळदा ऐकतो. पण पाचव्या वचनाकडे सहसा लक्ष जात नाही. सीला व तीमथ्य मासेदोनियाहून आल्यावर पौल वचनाच्या सेवेत सर्वस्वी गुंतला, असे तेथे आहे. त्या बंधूंनी त्याची गरज भागवल्याचे करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात (११:९) सापडते. यावरून आम्हांस दोन गोष्टी दिसतात. पौलाने काम पत्करले ते त्याच कामातल्या, त्याच विश्वासातल्या माणसांच्या घरी. आणि मदत आली तेव्हा हट्टाने सुई-दोरा धरून न बसता त्याने आपला वेळ मुख्य कार्याला दिला. कष्टाचा अभिमान त्याला होता. कष्टाचा मोह नव्हता.

५. आठवड्याचा हिशोब

आता कागद-पेन्सिल घ्या. आठवड्याचे तास १६८. राजालाही तेवढेच आणि रंकालाही तेवढेच. बेळगुंदीहून बेळगावला कॉलेजात जाणाऱ्या मुलाचा हिशोब साधारण असा मांडता येईल :

झोप, रोज ७ तास : ४९
आंघोळ, जेवण व स्वतःची कामे, रोज ३ तास : २१
कॉलेज, सहा दिवस रोज ५ तास : ३०
जाणे-येणे व बसची वाट पाहणे, सहा दिवस रोज २ तास : १२
घरी अभ्यास, सहा दिवस रोज ३ तास : १८
रविवारची उपासना, विसावा, घरच्यांशी बोलणे : १०

बेरीज १४०. उरले २८. त्यांतून घरचे व शेताचे काम किमान १० तास धरा. उरतात १८, म्हणजे सहा दिवस रोज तीन तास. विद्यापीठाची योजना आणि आपला कागद एकाच आकड्यावर आले, हे काही नवल नाही. दोघांनीही मुलाची झोप आणि अभ्यास आधी बाजूला काढून ठेवला. परदेशी सरकारांनीही जवळपास हीच रेषा आखली आहे. अमेरिकेत परदेशी विद्यार्थ्याला सत्र चालू असताना कॉलेजच्या आवारात आठवड्याला २० तासांपर्यंतच काम करता येते. इंग्लंडमध्ये पदवीच्या विद्यार्थ्यालाही २० तासच. कॅनडाने २०२४ पासून ही मर्यादा २४ तास केली आणि ऑस्ट्रेलियाने २०२३ पासून पंधरवड्याला ४८ तास.

प्रत्येक घराचा हिशोब थोडा वेगळा येईल. निपाणीच्या मुलाला अर्जुननगरचे देवचंद महाविद्यालय राज्याच्या हद्दीपलीकडे असले तरी गावाला लागूनच आहे. त्याचे प्रवासाचे तास वाचतात. कर्नाटकात ११ जून २०२३ पासून ‘शक्ती’ योजनेत मुलींना व स्त्रियांना सरकारी साध्या बसने राज्यात फुकट प्रवास आहे. म्हणजे बसभाड्यापुरती कमाई मुलीला करायला नको. याउलट ज्या घरी माणूस आजारी आहे, तेथे दहा तासांचे वीस होतात आणि नोकरीला जागाच उरत नाही. तेथे मुलावर नोकरी लादण्यापेक्षा फीची दुसरी वाट शोधणे बरे. महत्त्वाचे हे, की हिशोब घरात सर्वांसमक्ष, नोकरी धरण्यापूर्वी व्हावा.

६. काम निवडताना

सगळी कामे सारखी नसतात. सकाळी वर्तमानपत्र टाकण्याचे काम कष्टाचे खरे, पण ते ठरल्या वेळी संपते. लहान मुलांची शिकवणी घेतली तर आपलेही जुने धडे पक्के होतात. पतसंस्थेची पिग्मी गोळा करण्यात वेळ आपल्या हाती राहतो, मात्र दुसऱ्याचा पैसा जवळ असतो. रोजचा भरणा रोज करण्याची शिस्त नसेल तर ते काम घेऊ नये. दुकानातले संध्याकाळचे काम बरे वाटते, पण गिऱ्हाईक असेतो शटर पडत नाही आणि गावाची शेवटची बस कोणासाठी थांबत नाही. उद्यमबागेतल्या कारखान्यातील रात्रपाळी केलेला मुलगा सकाळी वर्गात बसतो तो केवळ देहाने. आणि मोटारसायकलवरून घरोघर पार्सल पोहोचवण्याचे जे काम अलीकडे निघाले आहे, त्यात मालक समोर दिसतच नाही; आणखी चार फेऱ्या केल्या तर इतके जास्त, असे मोबाईल सांगत राहतो. तेथे थांबायचे केव्हा, हे दुसरे कोणी सांगणार नाही.

म्हणून काम धरण्यापूर्वी पाच गोष्टी विचाराव्यात. सुटण्याची वेळ ठरलेली आहे काय? परीक्षेच्या दिवसांत रजा मिळेल काय, आणि परत आल्यावर जागा राहील काय? पगार किती व कोणत्या तारखेला? रविवार मोकळा राहील काय? घरी पोहोचायला बस आहे काय? पहिल्या दोहोंचे उत्तर ‘बघू’ असे आले, तर ते ‘नाही’ समजावे.

७. पगाराचे काय करावे

टस्कीगीचा नियम येथे उपयोगी आहे. विद्यार्थ्याची कमाई आधी शिक्षणाची, मग उरल्यास घराची आणि हौसेची. पुढच्या सत्राची फी आणि परीक्षेचा अर्ज यांचा पैसा दर महिन्याला बाजूला काढून पोस्टात किंवा बँकेत त्याच्या नावे ठेवावा. घरात अडचण आली की तो पैसा प्रथम हाताशी लागतो, हे आम्ही जाणतो; म्हणून तर तो घराबाहेर ठेवायचा.

एका फसगतीपासून विशेष जपावे. कामावर वेळेत जाता यावे म्हणून मुलगा हप्त्यावर मोटारसायकल घेतो. मग हप्ता फेडण्यासाठी तास वाढवतो. तास वाढले की कॉलेज सुटू लागते. आणि बहुतेक विद्यापीठांत ७५ टक्के हजेरी नसेल तर परीक्षेला बसता येत नाही. वर्षाअखेर गाडी दारात उभी असते आणि मुलगा त्याच वर्गात.

८. घराने आणि मंडळीने काय करावे

जुन्या वसतिगृहाची घंटा आज आपल्या मुलांसाठी वाजत नाही. बाजारातला मालक ती वाजवणार नाही. तो त्याचा धंदाही नव्हे. मग ती कोणी वाजवावी? आमचे उत्तर असे, की घराने आणि मंडळीने.

घराने एवढे करावे, की मूल नोकरी धरील त्या दिवशी त्याचे घरकाम तितके कमी करावे. हे मुलांच्या बाबतीत थोडेफार होते, मुलींच्या बाबतीत होत नाही. मुलगी दुकानातून सात वाजता येते आणि सरळ चुलीपाशी जाते, भाऊ मात्र ‘दमला आहे’ म्हणून पडून राहतो. ज्या घरात दोघांचे तास एकाच कागदावर मांडले जातील, तेथे हा अन्याय कोणालाही न सांगता दिसेल.

मंडळीत ज्यांचे दुकान, वर्कशॉप किंवा दवाखाना आहे, त्यांनी एका विद्यार्थ्याला रोज तीन तासांचे काम द्यावे आणि चौथ्या तासाला त्याला घरी पाठवावे. अक्विल्लाच्या घरासारखे हे होईल. मंडळीची खोली आठवड्यातून पाच दिवस संध्याकाळी कुलूपबंद असते. परीक्षेच्या आधी दोन महिने तेथे दिवा लावून टेबले मांडली तर घरी जागा नसलेली मुले येऊन बसतील. आणि परीक्षेच्या महिन्यात एखाद्या होतकरू मुलाचा बुडणारा पगार मंडळीने भरून दिला, तर मासेदोनियाच्या बंधूंनी केले तेच आपण केले असे होईल. हा खर्च फार नाही. एका महिन्याचा पगार तो. आणि त्यावर कित्येकदा तीन वर्षांची पदवी अडलेली असते.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांसाठी एक वेगळी सूचना. तुमच्या वर्गातली मुले कॉलेजची नाहीत. कायद्याने १४ वर्षांखालील मुलाला कामावर ठेवता येत नाही. शाळा सुटल्यावर घरच्या धंद्यात हातभार लावण्याची तेवढी सवलत आहे. २०१६ च्या दुरुस्तीनंतर १४ ते १८ वर्षांच्या मुलांना धोक्याच्या कामावर ठेवण्यासही बंदी आहे. वर्गात एखादे मूल वारंवार पेंगत असेल तर त्याला रागावण्यापूर्वी ते काल रात्री कोठे होते, हे विचारा.

९. थांबावे केव्हा

काही खुणा सांगून ठेवतो. एका महिन्यात चार दिवस पहिला तास बुडाला. दोन विषयांच्या वह्या कोऱ्या राहिल्या. रविवारी उपासनेत डोळे मिटले ते प्रार्थनेसाठी नव्हे. घरी कोणी काही विचारले की चिडणे वाढले. यांतल्या दोन खुणा दिसल्या तर तास कमी करावेत, तीन दिसल्या तर त्या सत्रापुरते काम सोडावे. काम सोडणे म्हणजे हार नव्हे. नोकरी पुन्हा मिळते. हातचे गेलेले वर्ष, विशेषतः मुलीचे, पुष्कळ घरांत पुन्हा मिळत नाही. एकदा घरी बसलेल्या मुलीला दुसऱ्या जूनमध्ये कॉलेजऐवजी स्थळे दाखवली जातात, हे आपण सर्व जाणतो.

कष्ट करून शिकलेल्या माणसाला भाकरीची किंमत कळते आणि पुस्तकाचीही. असे तरुण आपल्या मंडळ्यांतून निघावेत असे आम्हांस मनापासून वाटते. पण ते आपोआप निघणार नाहीत. पाठीशी कोणी तरी तास मोजणारे लागते.

चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या आठवड्याचे १६८ तास मांडा. घरकामाचे व शेताचे तास त्यांत आले काय? भावाचे व बहिणीचे तास शेजारी ठेवून पाहा.

२. घड्याळाचा काटा सरकवणाऱ्या मुलाचे चुकले काय? त्याच्यासाठी मोठ्यांनी काय करायला हवे होते?

३. मदत आल्यावर पौलाने आपला वेळ कोणत्या कामी दिला? आपण मदत घेताना कमीपणा मानतो काय, आणि का?

४. आपल्या मंडळीत तीन तासांचे काम देऊ शकतील अशी किती ठिकाणे आहेत? पुढच्या बैठकीपूर्वी त्यांची यादी करा.